महामार्गापलीकडची पिल्लं

चलथाण जवळ आलं की आधी वास येतो, साखर कारखान्याची चिमणी मागाहून दिसते. उकळत्या रसाचा गोड वास, आणि त्याच्या पोटात दडलेला मळीचा आंबूस, जरा कुजकट वास. पावसाळाभर हा वास कुठे जातो कोण जाणे. मग दिवाळी उलटते, सकाळी शाल हाताशी ठेवावीशी वाटते, सुरतेत पोंकवाल्यांचे, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा विकणाऱ्यांचे, तंबू लागतात आणि एके दिवशी स्कूटरच्या पुढ्यात उसाने फुगलेला पहिला ट्रॅक्टर येतो. त्याला ओलांडता येत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव काढतात. मी मात्र निवांत त्याच्या मागे चालत राहते, कारण हंगाम सुरू झाला की मला त्या एका हिवाळ्याची आठवण येते आणि आठवण यायला सावकाश वेग बरा असतो.

मी सुरतेच्या उधन्यात राहते. माहेर धुळ्याकडचं, लग्न होऊन इथे आले आणि मराठी शाळेत विज्ञान शिकवत माझं आयुष्य गेलं. मुलं सगळी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये राबणाऱ्या घरांतली. वर्गात मराठी, मधल्या सुट्टीत गुजराती, भांडताना हिंदी. आनुवंशिकतेचा धडा मी इतकी वर्षं शिकवला की झोपेतही फळ्यावर तो चौकोन काढला असता. आईकडून एक, बापाकडून एक, चार घरं, उंच रोप, बुटकं रोप. पोरं उतरवून घ्यायची. मीही कधी थबकले नाही. एवढा मोठा चमत्कार मी खडूने काढला आणि डस्टरने पुसला, आणि हात झटकून पुढच्या वर्गावर गेले.

थबकले ते निवृत्तीनंतर, माझ्या भाचीमुळे.

तन्वी ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याला वन्यजीवांच्या जनुकांवर संशोधन करत होती. त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली ती एक सॅक, एक थंड पेटी आणि पुष्कळशा बारीक नळ्या घेऊन. तिला अभ्यासायची होती रानमांजरं. उसाच्या रानात राहणारी, घरच्या मांजराहून थोराड, लांब पायांची, कानांच्या टोकांवर काळे केस आणि आखूड शेपटीवर काळी कडी असलेली. आमच्या सुरतेभोवती ऊस आहे म्हणून ती आहेत. एरवी त्यांचं गवताळ रान केव्हाच गेलं.

"त्यांना पकडणार कशी गं?" मी विचारलं.

"पकडायचं नाही, आत्या. त्यांची विष्ठा गोळा करायची. आतड्याच्या पेशी त्यात येतात. त्यातून कोण कुणाचं, सगळं कळतं."

आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा तिने मागून घेतला. ह्यांनी पहिल्या दिवशी दार उघडलं, नळ्यांकडे पाहिलं, वरच्या कप्प्यातल्या उंधियूकडे पाहिलं आणि दार लावलं. "आपल्याकडे पाहुणे वाढलेत," एवढंच म्हणाले. पुढे महिनाभर फ्रिजमधलं काही हवं असलं की ते मला हाक मारायचे.

मी तिच्याबरोबर जाऊ लागले, आधी सोबत म्हणून आणि मग माझ्या हौसेने. सकाळी सात-साडेसातला बांधावर धुकं असायचं. उसाच्या पात्यांवरचं दव बाह्यांतून आत उतरायचं. वाकून वाकून चालायचं, नजर जमिनीवर. तन्वी मधूनच खाली बसायची आणि चिमट्याने उंदराचे केस असलेली सुकी लेंडी उचलायची, आणि असं पाहायची की मला सोनं पारखणारा सोनार आठवायचा. एवढ्याशा तुकड्यात त्या जनावराची आई होती, आजी होती, तिच्याही मागच्या कितीतरी माद्या होत्या. कुठल्या गवतात कोण कुणाला भेटलं, याची खूण त्यात होती. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण हातमोज्यावर ठेवून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

माझ्या मुलीने गुजराती घरात लग्न केलं. तिचा मुलगा मला "बा" म्हणतो, मराठी समजतो आणि उत्तर गुजरातीत देतो. त्याची उजवी करंगळी आतल्या बाजूला वाकलेली आहे. तसाच बाक माझ्या वडिलांच्या करंगळीला होता. त्यांना जाऊन किती काळ लोटला, त्यांनी सुरत पाहिलीही नव्हती. आणि इथे, एका नव्या भाषेत बोलणाऱ्या पोराच्या हातात त्यांचं बोट येऊन बसलं आहे. तन्वीच्या नळ्या पाहताना मला ते बोट दिसायचं.

संक्रांतीच्या सुमारास पहिले निकाल आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तन्वी त्याच आकड्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"काय झालं?"

"महामार्गाच्या सुरतेकडच्या बाजूची जी मांजरं आहेत ना, आत्या, अलीकडची, ती सगळी जवळजवळ एकसारखी निघालीत. सख्खी भावंडं असावीत इतकी."

तिने कागदावर काढून दाखवलं. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला रेल्वे, तिसरीकडे कारखान्यांच्या भिंती आणि नव्या सोसायट्या. मधे उसाचा एक तुकडा. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, जाण्यायेण्याच्या जुन्या वाटा बुजल्या. पलीकडचं जनावर इकडे यायचं थांबलं. मग आतल्या आत जोड्या जमत राहिल्या.

"आपल्याकडे सोयरीक करताना देवक का विचारतात?" मी म्हटलं.

"तेच. यांच्याकडे आता वेगळं देवक उरलंच नाही. दिसायला ठीक आहेत, पण पिल्लं कमी जगताहेत. एखादा रोग आला तर एकाला जे होईल तेच सगळ्यांना. वेगळं कुणीच नाही, त्यामुळे वाचणारंही कुणी नाही."

ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "मग उपाय?"

"पलीकडचं रक्त इकडे यायला हवं. फार नको. पिढीमागे एखादं जनावर पोहोचलं आणि त्याची पिल्लं झाली, तरी पुष्कळ भागतं."

"एखादं?"

"एखादं, काका."

त्या एका शब्दाने मी त्या दुपारी हातातलं काम सोडून बसून राहिले. एखादं! एवढ्या मोठ्या पडझडीपुढे निसर्गाने किती थोडकं मागितलं होतं. आणि तेवढंही आम्ही त्याला मिळू देत नव्हतो.

महिन्याभरात ते घडलं. आम्ही पलीकडच्या शिवारात निघालो होतो. सकाळची वेळ, ट्रकांची रांग लागलेली. महामार्ग ओलांडणाऱ्या पुलाच्या पलीकडच्या उताराला, रस्त्याकडेला वाळूच्या रंगाचं काहीतरी पडलेलं तन्वीने पाहिलं आणि तिने स्कूटर कडेला घेतली. ती मादी होती. शेपटीवरची कडी तेवढी शाबूत होती. तन्वी गुडघ्यांवर बसली, तिने पोटाकडचे केस बाजूला केले आणि वर न बघताच म्हणाली, "आत्या, दूध आहे हिला."

कुठेतरी पिल्लं होती. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऊस होता.

तन्वीने ऊसतोड करणाऱ्या टोळ्यांना आणि शेतकऱ्यांना आपला नंबर देऊन ठेवला होता. आम्ही अजून तिथेच उभ्या होतो, तेवढ्यात एका मुकादमाचा फोन आला. पलीकडच्याच एका शेतात कोयत्याखाली दोन पिल्लं आली होती. बायका घाबरल्यात, बिबट्याची म्हणतात, लवकर या.

पिल्लं कमळाबाईला सापडली होती. कमळाबाई साक्रीकडची, नवऱ्याबरोबर तोडीला आलेली. तिचं स्वतःचं तान्हं बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं. तिने पिल्लांना हात लावला नव्हता. त्यांच्यावर पाचट ओढून सावली केली होती आणि कोयता घेऊन शेजारी उभी राहिली होती, कुत्री येऊ नयेत म्हणून.

"बिबट्या शे का, बाई?" तिने मला विचारलं.

अहिराणी ऐकली की माझी जीभ आपोआप माहेरी जाते. "नई व माय, रानमांजर शे."

ती वाकून पाहू लागली. मग म्हणाली, "भुक्या शेतस. यास्नी माय कोठे गयी?"

तन्वीने पाचट बाजूला केलं. मुठीएवढे दोन जीव, अंगावर पुसट पट्टे, डोळे नुकते उघडलेले आणि दुधाळ निळे. आमची चाहूल लागताच दोघांनी तोंडं वासून फिस्कारलं. ती फुंकर माझ्या हातालाही जाणवली नाही, पण काय तो आवेश! अजून चालता येत नव्हतं आणि पंजा उगारायचं आधीच ठाऊक होतं. कुणी शिकवलं असेल? आई तर त्या पुलाच्या उतारावर होती.

वनखात्याचे पशुवैद्य आले. तरुण गृहस्थ, सुरतेचेच. त्यांच्या सांगण्यावरून मुकादमाने तेवढा पट्टा तोडायचा ठेवला आणि आम्ही लांब जाऊन वाट पाहिली, न जाणो, रस्त्यावरची मादी वेगळी असली तर. दिवस गेला. डॉक्टरांनी ड्रॉपरने दूध पाजलं. झाडाला कॅमेरा बांधून आम्ही परतलो. सकाळी पाहिलं तर त्यात एक घूस आणि एक टिटवी, बाकी कुणी नाही. पिल्लांचे आवाज बारीक झाले होते.

"आता प्राण्यांच्या बचाव केंद्रात न्यावी लागतील," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "जगतील. पण माणसाच्या हातची झाली की जंगलात सोडणं कठीण."

तन्वी बांधावर बसली होती. ती उठली. "डॉक्टर, महामार्गाच्या अलीकडे धनसुखकाकांच्या उसात एक मादी व्यालेली आहे. पिल्लं याच वयाची. मी कॅमेऱ्यात पाहिलीत."

डॉक्टर तिच्याकडे पाहतच राहिले. तिला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं, आणि पाठोपाठ मलाही. पलीकडची दोन पिल्लं अलीकडच्या आईकडे. जे रक्त महामार्ग ओलांडू शकत नव्हतं, ते एका टोपलीतून.

"तिने टाकली तर? तिने स्वतःचीही सोडून दिली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर ते माझ्यामुळे होईल," तन्वी म्हणाली. "पण केंद्रात ही दोन नुसती जगतील. तिथे गेली तर तिथली सगळीच..."

डॉक्टरांनी बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ चालला. मग त्यांनी पिल्लं नीट तपासली, डोळे, नाक, तोंड, पोट, कुठला रोग तर नाही ना, आणि कात्रीने दोघांच्या कमरेवरचे थोडे केस कातरले, खुणेसाठी. त्या आईच्या पिल्लांना मात्र हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

राहिले त्या शेताचे मालक, धनसुखकाका. त्यांचा ऊस दुसऱ्याच दिवशी तुटायचा होता. शेताच्या कडेला खुर्ची टाकून ते बसले होते. पांढरा सदरा, पायांत रबरी चपला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बेन, मारो नंबर लागी गयो छे. आता नाही तोडला तर परत केव्हा टोळी येणार?"

तन्वीने आर्जव केलं. काकांनी उसाकडे पाहिलं. "ही मासी माझे उंदीर खाते," ते म्हणाले. वाघाची मावशी म्हणून ते त्या मादीला मासीच म्हणायचे. "तिचा बाप पण इथेच होता. मी पाहिला आहे त्याला." मग चपलेने जमिनीवर एक रेघ ओढली. "त्या लिंबापासून आतला तुकडा राहू दे. बाकीचं तोडतील. मासी राहील तोवर राहू दे."

परत पलीकडे जाऊन, पिल्लं घेऊन दुपारी आम्ही निघालो. तन्वी स्कूटर चालवत होती, मी मागे, मांडीवर टोपली, तिच्यावर माझी शाल. पूल चढायला लागलो तसा खाली महामार्ग दिसला. सहा पदरी, भरलेला, गरम. कापडाच्या गाठी, रसायनांचे टँकर, कंटेनर, मुंबईकडे आणि अहमदाबादकडे एकसारखे वाहत होते. वाटेत कुठे खंड म्हणून नव्हता. त्यांची आई जिथे पडली तो उतार मागे गेला. शालीखाली उबदार काहीतरी हललं आणि माझ्या पोटाशी घट्ट लागलं.

मी देवधर्म फारसा करणारी बाई नाही. पण त्या पुलावर मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द सापडत नाही. माझ्या मांडीवर दोन पिल्लं होती आणि त्यांच्यात, कुठल्या तरी सूक्ष्म अक्षरांत, असं काहीतरी होतं जे महामार्गाच्या अलीकडच्या जगात उरलंच नव्हतं. एखादा ताप सोसण्याची ताकद असेल. अंधारात जरा जास्त दिसण्याची असेल. काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पिल्लांना तर नाहीच. ते कुठल्या यंत्रात बनवता येत नाही. सुरतेत एवढे कारखाने आहेत, हवा तो रंग, हवी ती जरतार बनते. हे नाही बनत. हे फक्त एका देहातून दुसऱ्या देहात, न तुटता आलेलं असतं. आणि एकदा तुटलं की संपलं.

पूल उतरला. वाटेत एका शाळेसमोर मुलं गोळेवाल्याभोवती उभी होती. कुणाला काही कळलं नाही.

मासी शिकारीला गेलेली होती. डॉक्टर एकटेच उसात शिरले. तिच्या घरट्यातलं थोडं पाचट घेऊन त्यांनी दोन्ही पिल्लांच्या अंगाला चोळलं, तिच्या पिल्लांचा वास लागावा म्हणून, आणि त्यांना इतरांशेजारी ठेवून ते पाऊल न वाजवता मागे आले. आत तिची तीन होती, असं म्हणाले. आम्ही चौघं मोटरच्या खोलीच्या धाब्यावर पालथे पडलो. काकासुद्धा. दुर्बीण डॉक्टरांकडे.

ऊन तिरपं झालं. शेजारच्या तोडलेल्या शेतात बगळे उतरले. लांब तोडणीवाल्यांच्या पडावावर चुली पेटल्या. मग बांधावरून ती आली, तोंडात उंदीर. उसाच्या कडेशी पोहोचली आणि थांबली. मान उचलून हवा घेतली. तिने उंदीर खाली टाकला.

तन्वीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

मासी आत गेली. मग फार वेळ काहीच झालं नाही. आतून आवाज नाही, पान हललं नाही. आत काय चाललं असेल? मला वाटतं, आयुष्यात कुठल्याच निकालाची मी अशी वाट पाहिली नसेल, स्वतःच्या मुलीच्या बारावीच्याही नाही. मग ऊस हलला आणि ती बाहेर आली. तोंडात एक पिल्लू, मानेला धरलेलं, मुटकुळं करून लोंबणारं. जागा बदलत होती ती. माणसाचा वास आला की बदलतात.

"आपणुं!" डॉक्टर दुर्बिणीतून कुजबुजले. "आपणुं छे! कमर पे कटे हुए बाल हैं!"

पहिलंच तिने परकं उचललं होतं.

काकांनी धाब्यावर कपाळ टेकवलं. तन्वी रडत होती, आवाज न करता. मासी बांधाने लिंबाच्या पलीकडच्या गच्च उसात गेली, आली, दुसरं नेलं. ते तिचं होतं. मग तिसरं, ते आपलं. मग चौथं. प्रत्येक खेपेला तीच चाल, तीच घाई. आपलं आणि परकं असा काही भेद तिच्या तोंडाला दिसत नव्हता.

पाचव्यासाठी ती आली. आत गेली. आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आली. पडलेला उंदीर तिने उचलला आणि निघून गेली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही पाहिलं. मग डॉक्टरांनी खूण केली, आपण इथे राहिलो तर ती परत येणार नाही. आम्ही उतरलो.

सकाळी तिथे एक पिल्लू होतं, थंड झालेलं. कमरेवरचे केस शाबूत होते. म्हणजे तिचंच. तन्वीने ते हातात घेतलं आणि ती बांधावर मटकन बसली.

"आत्या, मी दोन घातली म्हणून हिने एक टाकलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. डॉक्टर आले, त्यांनी पिल्लू घेतलं, नखाने त्याचा जबडा उघडला, आणि मग हळूच आमच्या समोर धरला. टाळू मधोमध दुभंगलेली होती. जन्मल्यापासून त्याला नीट दूध ओढता आलंच नसेल.

"हे जगणार नव्हतं," ते म्हणाले. "आणि असं का होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

तन्वीने मान हलवली. पण त्या पिल्लाला पाचटात गुंडाळून, बांधाच्या मऊ मातीत खड्डा करून पुरलं ते तिनेच, आणि ती वर बराच वेळ माती थोपटत होती.

कमळाबाईची टोळी त्या दिवशी काकांचा बाकीचा ऊस तोडायला अलीकडे आली होती. मला पाहताच ती सरीतून वाट काढत आली. "बाई, मन्हा दोन्ही लयी गयी का ती?"

"लयी गयी व, दोन्ही."

तिने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि अशी हसली की मला वाटलं, ही साक्रीला जाऊन सगळ्या गावाला सांगणार. मग तिचं तान्हं रडायला लागलं, ती गेली. पुढच्या हंगामात ती आली नाही. कुठल्या कारखान्याकडे गेली, मला कळलं नाही. तिची दोन अलीकडे राहिली एवढं खरं.

काकांचा लिंबापासचा तुकडा एप्रिल उलटेपर्यंत उभा होता. ऊस वाळून काडी झाला. शेजारी हसायचे. काका म्हणायचे, "मासी भाडूत आहे, अजून खोली सोडत नाही."

तन्वी पुण्याला गेली. दोन हंगाम ती येऊन नळ्या भरून नेत राहिली. मीही वाकून वाकून शोधत राहिले. माझ्या डोळ्यांना आता सराव झाला होता. मग एका सकाळी, मी पोळ्या लाटत असताना फोन वाजला.

"आत्या." बस, एवढं बोलून ती थांबली. मी गॅस बंद केला. "त्या दोघांतली एक मादी होती. तिची पिल्लं झालीत. तीन वेगवेगळ्या नमुन्यांत पलीकडचं आलंय. आत्या, ते मिसळलंय."

मी पिठाच्या हातांनी फोन धरून खिडकीशी गेले. खाली उधन्याची सकाळ चालू होती. टेम्पोत साड्यांचे तागे चढत होते, चहावाला ओरडत होता. त्या गर्दीत प्रत्येकजण कुठून कुठून आलेला. आमच्याच चाळीत खानदेशचे, विदर्भाचे, ओडिशाचे, सौराष्ट्राचे. मीही त्यातलीच. एका रस्त्याच्या पलीकडून अलीकडे आलेली. मी पोळीचं पीठ हातावर तसंच वाळू दिलं.

एवढ्याने भागणार नव्हतं. पिढीमागे एखादं, म्हणजे पुन्हा पुन्हा यायला हवं, आणि दर वेळी एक आई मरून दोन पिल्लं टोपलीतून न्यायची, असा काही मार्ग होत नाही. काकांच्या शेताजवळ महामार्गाखाली पावसाच्या पाण्याची एक जुनी मोरी होती, गाळ आणि कपड्यांच्या चिंध्यांनी तुंबलेली. डॉक्टरांनी आणि तन्वीने कितीतरी अर्ज-विनंत्या केल्या. काका गावातल्या लोकांना घेऊन उभे राहिले. शेवटी गाळ निघाला, आणि आतल्या पाण्याच्या कडेने मांजराला चालता येईल एवढा कट्टा बांधला गेला. वर्षभर त्यातून मुंगूस गेले, कोल्हे गेले, कुत्री गेली. रानमांजर काही गेलं नाही.

गेल्या आठवड्यात काकांकडे गेले होते. हंगाम नुकताच सुरू झालेला. त्यांनी मुलाला सांगून पोंक आणवला होता, शेव आणि लिंबाबरोबर. मोटरच्या खोलीसमोर आम्ही बोलत बसलो होतो. काका आता थकलेत, ऐकायला कमी येतं. सकाळचं ऊन मोरीच्या तोंडाशी पोहोचलं होतं. वर महामार्ग गरजत होता.

मोरीतून एक रानमांजर बाहेर आलं.

तरणा बोका होता, रुंद डोक्याचा. तोंडाशी थांबला, उन्हाने डोळे बारीक केले. पाय ओले होते. त्याने पुढचा एक पंजा झटकला, मग दुसरा. आम्ही हललो नाही. माझ्या हातातला पोंक बोटांतून सांडत होता, आणि मला तो सावरायचं सुचलं नाही.

"आ तो पेली बाजुनो, पलीकडचा," काका अगदी हळू म्हणाले. "याला कोण घेऊन आलं?"

"कुणी नाही, काका. आपल्या पायांनी आला."

त्याने आमच्या दिशेला एकदा पाहिलं. त्या पिवळ्या नजरेत आमच्यासाठी काही नव्हतं. मग तो बांधावर चढला, शेपटीचं पाणी चाटून काढलं, आणि काकांच्या उसात शिरला.